नवा लॅपटॉप घेताय? आधी पोटावरचा नंबर वाचा

निकाल लागले की इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आणि जेल रोडवर घरंच्या घरं लॅपटॉप बघत फिरताना दिसतात. काउंटरमागचा भिया एक यंत्र उघडून समोर ठेवतो, "एकदम लेटेस्ट है, कल ही आया है" म्हणतो. झाकणावर नावही तेच असतं, जे मुलीनं चार व्हिडिओंमध्ये पाहिलेलं असतं. आतला माल तोच आहे का, हे मात्र झाकणावरून कळत नाही.

पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अमुक मॉडेल घ्या, असं इथे सापडणार नाही, कारण मॉडेलं भराभर बदलतात आणि सल्ला शिळा होतो. समोर आलेलं कुठलंही नवं यंत्र कसं पारखायचं, तेवढं सांगतो. सगळ्या पारखीमागचा हिशेब साधा आहे. एसएसडी (फाइली कायमच्या साठवणारा भाग) आणि बॅटरी नंतर बदलता येते, कधीकधी रॅमही (चालू कामापुरती लागणारी मेमरी) वाढवता येते. स्क्रीन, प्रोसेसर, बिजागरी, पोर्ट आणि यंत्र गार ठेवण्याची व्यवस्था ही पहिल्या दिवशी जशी असेल तशीच शेवटपर्यंत राहते. पैसा या दुसऱ्या गटावर घालायचा.

पायरी १: घरातून निघण्याआधी कागद

यंत्राकडून काय काम करून घ्यायचंय ते सॉफ्टवेअरच्या नावांसकट लिहून काढा. "अभ्यासासाठी" एवढ्यावर भागत नाही. सीएची आर्टिकलशिप करणाऱ्याला टॅली, एक्सेल आणि डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो. एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला गेलेल्याला आराखडे काढायला ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स. कोडिंग शिकणाऱ्याला ग्राफिक्स कार्डापेक्षा रॅम जास्त उपयोगी. आजोबांना मराठी टाइप करायचं आणि पुण्याच्या नातवाशी व्हिडिओवर बोलायचं असेल, तर त्यांना महागडी चिप देण्यात अर्थ नाही. त्यांना मोठी, स्वच्छ स्क्रीन द्या.

या कागदाचा उपयोग कुठे होतो, ते बघा. जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप बाजारात आहेत. हलके असतात, कमी तापतात, बॅटरी दमदार. पण ही चिप एआरएम जातीची, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळ्या रचनेची. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले प्रोग्राम त्यावर विंडोज आतल्या आत रूपांतर करून चालवतं, आणि बरेचसे चालतातही. ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, मात्र ही सोय नाही. जुना प्रिंटर, सहीचा टोकन किंवा प्रयोगशाळेतलं एखादं यूएसबी उपकरण घ्या. त्याच्या कंपनीनं एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर काढला नसेल, तर ते नुसतं जोडून ठेवायचं, चालणार नाही. मॅकचंही तसंच: यंत्र उत्तम, पण सॉलिडवर्क्स मॅकसाठी निघतच नाही. मेकॅनिकलच्या मुलाला हौसेनं मॅकबुक घेऊन दिलं, की पहिल्याच वर्षी कॉलेजच्या लॅबबाहेर रांगेत उभं राहणं आलं.

पायरी २: पूर्ण नंबर मागा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. झाकणावरचं किंवा जाहिरातीतलं नाव हे आडनावासारखं असतं. त्या एका आडनावाखाली पाच-पंचवीस भावंडं असतात. एकाला ८ जीबी रॅम, दुसऱ्याला १६. एकाची स्क्रीन फिकी, दुसऱ्याची झकास. एकात ४१ वॉट-तासाची बॅटरी, दुसऱ्यात ७०ची (वॉट-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). नव्या मॉडेलचे जे परदेशी रिव्ह्यू आपण बघतो, ते बहुधा वरच्या भावंडाचे असतात, आणि इथे काउंटरवर येतं ते सगळ्यात धाकटं.

म्हणून दुकानदाराला नाव विचारू नका, पूर्ण पार्ट नंबर विचारा. तो खोक्यावर छापलेला असतो आणि यंत्राच्या पोटावरही बारीक अक्षरात असतो. एचपी त्याला प्रॉडक्ट नंबर म्हणते, लेनोवोमध्ये तो मशीन टाइपपासून सुरू होतो आणि भारतातल्या मालाच्या शेवटी 'आयएन' ही अक्षरं येतात. डेलचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकला, की कारखान्यातून यंत्र काय घालून निघालं ते दिसतं. लेनोवोनं पीएसआरईएफ नावाची मोकळी साइट ठेवली आहे. रॅम सोल्डर केलेली (बोर्डाला कायमची जोडलेली) आहे का, स्क्रीन किती निट्सची (उजेडाचं माप), बॅटरी किती, हे सगळं तिथे नंबराप्रमाणे मिळतं. जो दुकानदार पूर्ण नंबर सांगायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे चहा पिऊन उठावं.

खोक्यावर एमआरपीजवळ उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. "कल ही आया" खरं की दुकानात वर्षभर धूळ खात पडलं होतं, त्याचा निकाल तिथेच लागतो. जुना माल घेऊ नये असं नाही. नवी पिढी आली की मागच्या पिढीचा भाव उतरतो, आणि कित्येकदा तोच शहाणा सौदा असतो. फक्त भाव जुन्याचा द्या.

पायरी ३: प्रोसेसरचं नाव अक्षर लावून वाचा

'आय५', 'रायझन ५', 'अल्ट्रा ५' एवढ्यावर काही कळत नाही. पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर, खरी माहिती तिथे असते.

एएमडीचे चार आकडी नंबर घ्या. ७५२०यू आणि ७५३०यू, दोन्ही 'रायझन ५', दोन्हींवर सात हजारची मालिका. या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आकडा चिपच्या वंशाचा. ७५२०यूमध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, जी रचना २०१९ सालची आहे, आणि कोर, म्हणजे चिपमधले एकाच वेळी काम करणारे भाग, चार. ७५३०यूमध्ये ३, म्हणजे झेन ३, कोर सहा. ७६४०एचएसमध्ये ४, म्हणजे झेन ४. ७५२०यूला 'नवी' म्हणून विकणं कायद्यानं खोटं नाही, पण घेणाऱ्यानं तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवावं. पुढे एएमडीनं नावं पुन्हा बदलली. रायझन २०० मालिका झेन ४चीच आहे, आणि 'रायझन एआय ३००' ही खरी नव्या बांधणीची, झेन ५ची.

इंटेलनं तर शेवटच्या अक्षरावर सगळा खेळ ठेवला आहे. कोअर अल्ट्रा ५ २२५यू, २२५एच आणि २२६व्ही ही तीन नावं शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतात. यू म्हणजे कमी वीज खाणारी, १२ कोरची, ऑफिसच्या कामाची. एच म्हणजे १४ कोरची, जड कामाची, जास्त तापणारी. व्ही ही वेगळीच जात. कोर आठच, पण बॅटरी खूप पुरवते आणि रॅम चिपच्याच पॅकेजवर बसवलेली. व्ही मालिकेत शेवटचा आकडा ६ असेल तर रॅम १६ जीबी, ८ असेल तर ३२. पुढे कधीही वाढणार नाही. 'अल्ट्रा' शब्द नसलेली कोअर ५ १२०यू आणि कोअर ५ २१०एच ही नावं नवी आहेत, आतली बांधणी आधीच्या पिढीची आहे. वाईट चिपा नाहीत त्या, रोजच्या कामाला भरपूर आहेत. भाव तेवढा त्याच मापानं द्यावा.

आता 'एआय पीसी'. मायक्रोसॉफ्टचा 'कोपायलट प्लस' शिक्का मिळायला एनपीयू (चिपमधला एआयच्या कामाचा भाग) ४० टॉप्सहून (त्याच्या वेगाचं माप) जास्त ताकदीचा, रॅम किमान १६ जीबी आणि साठवण २५६ जीबी लागते. वरच्या तिघांपैकी हा शिक्का फक्त २२६व्हीला बसतो. यू आणि एच 'अल्ट्रा' असूनही त्यांचा एनपीयू या मापात बसत नाही. आमचं मत विचाराल तर विद्यार्थ्यानं निव्वळ या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. तेच पैसे स्क्रीनवर घालावेत.

पायरी ४: रॅम आणि एसएसडी

आज ८ जीबी रॅमचं नवं यंत्र घेऊ नका. एक अपवाद आहे: एक जागा रिकामी असेल आणि तुम्ही त्याच आठवड्यात दुसरी पट्टी टाकणार असाल तर. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे "नंतर वाढवू" हा बेत खर्चिक ठरतो. १६ जीबी आहे त्याच यंत्रात मिळत असेल तर आत्ताच घ्या.

रॅमचे दोन प्रकार. एलपीडीडीआर५एक्स ही बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती वाढवता येत नाही. डीडीआर५ची सुटी पट्टी असते, ती वाढवता येते. काही यंत्रांत निम्मी सोल्डर आणि एक जागा मोकळी असते. दुकानदाराला विचारत बसण्यापेक्षा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. उजवीकडे खाली 'फॉर्म फॅक्टर' लिहिलेलं असतं. तिथे 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर, 'सोडिम' दिसलं तर पट्टी. किती जागांपैकी किती भरल्यात तेही तिथेच दिसतं.

एकाच पट्टीत १६ जीबी असेल तर प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स मंदावतं, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते आणि रॅमकडे जायचा रस्ता एकपदरी होतो. तेराव्या पिढीच्या इंटेलमध्ये हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. जाहिरातीत 'आयरिस एक्सई' असतं, आणि एकच पट्टी असली की विंडोज त्याच ग्राफिक्सला 'यूएचडी' म्हणतं. दुसरी पट्टी टाकली की नाव आपोआप सुधारतं.

एसएसडी ५१२ जीबीची घ्या. विंडोजमध्ये ती ४७६ दिसेल. ती चोरी नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे. एम.२ची, म्हणजे एसएसडी बसवायची, दुसरी जागा असेल तर उत्तम.

पायरी ५: स्क्रीन, इथे कंजूषी नको

स्वस्त यंत्रांत कंपन्या पैसा वाचवतात तो स्क्रीनवर, कारण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळ्या स्क्रीन सारख्याच दिसतात. माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा.

पहिली, निट्स. २५० निट्स म्हणजे खिडकीशी बसलात की स्वतःचाच चेहरा दिसणार. ३०० कामापुरतं, ४०० आरामाचं. दुसरी, रंग. '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलं असेल तर ते एसआरजीबीच्या अंदाजे ६२-६५ टक्के होतं (स्क्रीन किती रंग दाखवते त्याची ही दोन मापं). अशा स्क्रीनवर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो आणि हळदीचा पिवळा मळका. फोटो, डिझाइन, कपड्यांचा ऑनलाइन धंदा, यांपैकी काही करणार असाल तर '१०० टक्के एसआरजीबी' हे शब्दच हवेत. काहीच लिहिलं नसेल तर ४५ टक्केच समजा. चांगली स्क्रीन कंपनी लपवत नाही.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. १५.६ इंची १६:९ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) स्क्रीन ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ उंच असते. १४ इंची १६:१० स्क्रीन ३०.२ रुंद आणि १८.८ उंच. म्हणजे वाचताना, कोड लिहिताना जी उंची लागते, तिच्यात फरक फक्त सहा मिलिमीटरचा, आणि यंत्र मात्र चांगलंच लहान, हलकं. भंवरकुआँच्या क्लासला पाठीवर टाकून जाणाऱ्या मुलासाठी १४ इंची १६:१० सोयीची. एक्सेलचे रुंद तक्ते दिवसभर पाहणाऱ्याला मोठी लागेल.

ओलेड स्क्रीन, जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, बघता क्षणी भुरळ घालते. काळा रंग खरोखर काळा. पण बहुतेक ओलेड चकचकीत असतात, आणि ब्राइटनेस कमी केला की बऱ्याच स्क्रीन सूक्ष्म लुकलुकतात, ज्यानं काहींचं डोकं दुखतं. ब्राइटनेस तळाला नेऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, शटरचा वेग वाढवून पाहा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले आणि तुम्हाला डोकेदुखीचा त्रास असेल, तर आयपीएस, म्हणजे नेहमीची एलसीडी स्क्रीन, घ्या.

पायरी ६: अंग, बिजागरी, कीबोर्ड

लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवा आणि झाकण मध्यभागी एका बोटानं उचला. खालचा भाग जागेवर राहून झाकण उघडलं तर बिजागरी नीट जुळवलेली आहे. सगळं यंत्रच वर आलं तर बिजागरी घट्ट आहे, आणि प्लॅस्टिकच्या यंत्रात घट्ट बिजागरी ही पुढची दुरुस्ती आहे. कारण असं: बिजागरीची पट्टी स्क्रूनं पितळी गुट्ट्यांत बसवलेली असते, आणि त्या गुट्ट्या प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या असतात. घर्षण वाढलं की दर उघडझापीला ताण त्या रोवलेल्या जागेवर येतो. दीड-दोन वर्षांत गुट्टी उखडते, कोपरा फुगतो, आणि ओढ स्क्रीनच्या केबलवर जाते. कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर हे आणखी लवकर होतं. धातूचं झाकण असेल तर धोका बराच कमी.

मग एका कोपऱ्यानं यंत्र एका हातात उचला. करकर आवाज आला किंवा टचपॅड आपोआप क्लिक झालं तर बांधणी लेचीपेची आहे. कीबोर्डच्या मधोमध बोटानं दाबा, किती खाली बसतो ते पाहा. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा. नव्या यंत्रांत एक बदल लक्षात ठेवा. २०२४ पासून बऱ्याच कीबोर्डांवर उजवीकडे कोपायलटची कळ आली आहे आणि तिनं कित्येक ठिकाणी उजव्या कंट्रोलची जागा खाल्ली आहे. टॅली किंवा एक्सेलमध्ये उजव्या हातानं शॉर्टकट मारणाऱ्यांना हे महिनाभर छळतं. बाणांच्या कळा अर्ध्या उंचीच्या आहेत का, आकडेमोडीचा वेगळा नंबरपॅड हवा का, हेही आत्ताच ठरवा. नंबरपॅड असला की टचपॅड डावीकडे सरकतो.

वेबकॅम १०८०पी असावा, झाकण्याची पट्टी असावी. बास.

पायरी ७: मे महिन्याचा इंदूर

रिव्ह्यू होतात गार खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही उकडतं. ॲपल मॅकबुकसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश देते, आणि पुष्कळ विंडोज यंत्रांची मर्यादाही त्याच आसपास असते. मॅकबुक एअरमध्ये २०२० पासून पंखाच नाही. लिहिणं-वाचणं, कोडिंग याला काही अडचण नाही, पण तासभराचा व्हिडिओ उन्हाळ्यात एक्सपोर्ट करताना ते स्वतःहून वेग कमी करतं.

चिप तापली की तिला आवर घातला जातो. म्हणून तीच चिप दोन वेगळ्या अंगांत वेगळ्या वेगानं चालते. पातळ, देखणं नवं मॉडेल आधीच्या जाड मॉडेलपेक्षा लांबच्या कामात हळू निघू शकतं. गेमिंगच्या यंत्रात तर हा फरक फार मोठा. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचं कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बांधलेलं असू शकतं. नाव एकच, काम जवळपास निम्म्यावरही येऊ शकतं. माहितीपत्रकात 'टीजीपी', म्हणजे कार्डाला मिळणारी वीज, किती वॉट ते बघितल्याशिवाय ग्राफिक्स कार्डाचे पैसे देऊ नका.

यंत्र उलटं करून बघा. हवा आत ओढणारी जाळी पोटावर असते, म्हणून गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवलं की श्वास कोंडतो. गरम हवा बिजागरीपाशी बाहेर पडते. पंखे दोन असतील तर चांगलंच. दुकानात वीस मिनिटं मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ आणि सोबत विंडोज अपडेट चालू द्या, मग कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर हात ठेवा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर नको.

बॅटरी आणि पोर्ट

"१५ घंटे चलेगी" या वाक्याकडे दुर्लक्ष करा आणि वॉट-तासाचा आकडा शोधा. ब्राउझर आणि वर्डच्या हलक्या कामात यंत्र अंदाजे ६ ते १० वॉट खातं. ५० वॉट-तासाला ८नं भागलं तर सहा तास आले. उरलेलं जाहिरातीचं. ४१-४२ची बॅटरी वर्षभरानंतर कॉलेजच्या दिवसाला पुरत नाही. निदान ५०, शक्यतो ६०च्या पुढे. विमानात सोबत न्यायला विनापरवानगी १०० वॉट-तासांची मर्यादा आहे, म्हणून मोठ्या गेमिंग यंत्रांत आकडा ९९च्या आसपास थांबतो. घरी कायम चार्जरला लावून वापरणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करा. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उन्हाळा ही जोडी बॅटरीला लवकर म्हातारी करते.

यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणून त्यातून सगळं होतं असं नाही. काहींतून फक्त डेटा जातो. भोकाजवळ 'डीपी'सारखं चिन्ह असेल तर मॉनिटर जोडता येतो, विजेचं वाकडं बाणाचं चिन्ह थंडरबोल्टचं. चार्जिंग होतं का, हे दुकानातच ६५ वॉटचा सी चार्जर लावून पाहा. स्वस्त यंत्रांत एचडीएमआय १.४ असतं. त्यातून ४के मॉनिटर सेकंदाला ३० चौकटींवरच चालतो, माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो.

पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर

डेमोचं यंत्र बघून झालं की तुमचं सीलबंद खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा. ऑनलाइन घेत असाल तर खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा. लॅपटॉपवर पैसे परत मिळणं अवघड, बदली मिळते, तीही थोड्या दिवसांच्या मुदतीत. खोक्यावरचा, पोटावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच असला पाहिजे. बिल जीएसटीचंच घ्या. दर १८ टक्के आहे, आणि धंद्याच्या नावावर घेतलंत तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. दुकानदार कच्च्या बिलावर सूट देऊ पाहतो, पण मग वॉरंटीच्या तारखेवरून भांडणं आपल्या वाट्याला येतात. कंपनीच्या साइटवर त्याच दिवशी नंबर टाकून वॉरंटी कधी संपते ते बघा. तारीख मागची दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते. वॉरंटी घरी येऊन देतात की यंत्र सेंटरला न्यायचं, आणि ते सेंटर इंदूरमध्ये आहे का भोपाळला, हेही विचारा.

पूर्ण पांढरं चित्र स्क्रीनभर उघडून मेलेले ठिपके शोधा, मग काळं चित्र उघडून कडांमधून उजेड झिरपतो का ते अंधारात पाहा. बॅटरीची तपासणी कमांड प्रॉम्प्टमधून होते. इंग्रजीत 'पॉवर' आणि त्याला लागून 'सीएफजी' ही अक्षरं, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि सलग 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करून एंटर. तयार झालेल्या पानावर मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी दिसते. नव्या यंत्रात दोन्ही जवळपास सारख्या हव्यात आणि सायकल (बॅटरी पूर्ण वापरून पुन्हा भरण्याचे फेरे) दोन-चारच्या वर नकोत. पन्नास सायकल दिसल्या तर ते यंत्र कुणाच्या तरी टेबलावर राहून आलंय.

एक गोष्ट दुकानदाराला करू देऊ नका: पहिला सेटअप. "मैं सब डालके देता हूँ" म्हणत तो स्वतःच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यानं यंत्र सुरू करतो. सोबत आलेलं ऑफिस त्याच्या खात्याला चिकटतं. त्याहून वाईट म्हणजे नव्या विंडोज ११मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी किल्ली ज्यानं पहिल्यांदा लॉगइन केलं, त्याच्या खात्यात जाते. सहा महिन्यांनी बायॉस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाल्यावर यंत्र ती किल्ली मागतं, आणि ती कुणाकडे आहे हे कुणालाच आठवत नाही. मुलाचा ईमेल घरूनच तयार करून न्या, पासवर्ड कागदावर लिहा, आणि लॉगइन तुम्हीच करा. घरी आल्यावर विंडोज अपडेट आणि कंपनीच्या ॲपमधून बायॉस अपडेट करून घ्या. नव्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांत पंखा, बॅटरी आणि झोपेतून न उठण्याच्या तक्रारी पुष्कळदा इथेच मिटतात.

शेवटचं, धातूच्या अंगाचं यंत्र घेतलेल्यांसाठी. चार्जिंगला लावून मनगट कडेला टेकवलं की बारीक झिणझिण्या येतात, विशेषतः अनवाणी असताना. चार्जर दोन पिनांचा असेल तर थोड्या झिणझिण्या अपेक्षित आहेत, धोक्याच्या नाहीत. तीन पिनांचा असूनही येत असतील तर बहुतेक वेळा दोष यंत्रात नसतो. रामबाग किंवा राजवाड्यामागच्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची तार पुष्कळदा कुठे गेलेलीच नसते. तोच चार्जर शेजारच्या नव्या इमारतीत लावून बघा. तिथे झिणझिण्या थांबल्या, तर सर्व्हिस सेंटरला फोन करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.